एकच कात्री, निरनिराळी माध्यमं: आकृती तशीच ठेवू की माध्यमाप्रमाणे बदलू?

रेघरेघ

नमस्कार. मी चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजवरचं माझं बहुतेक काम पेन्सिल आणि जलरंगातलं. या सत्रात आम्हाला दिलेलं काम असं: रोजच्या वापरातली एक वस्तू घ्यायची, तिच्यापासून नक्षीचं एकक बनवायचं, आणि ज्या माध्यमांना आजवर हात लावलेला नाही अशा माध्यमांत ते करून बघायचं. शेवटी एका मोठ्या कागदावर पूर्ण नक्षी, आणि सोबत प्रयोगांची वही.

मी कात्री निवडली, अर्धवट उघडलेली. दोन पाती, मधे स्क्रू, बोटं घालायच्या दोन कड्या. एक कडी मोठी, एक लहान, त्यामुळे दोन्ही बाजू लांबून सारख्या वाटतात पण सारख्या नसतात. शिवाय हिच्यातल्या रिकाम्या जागा फार चांगल्या आहेत: पात्यांमधला लांबट त्रिकोण आणि कड्यांची दोन भोकं. स्थिरचित्रासाठी कात्री मांडून ठेवली तेव्हा मी वस्तूपेक्षा या जागाच जास्त वेळ काढत बसले होते.

पेन्सिलीत एकक छान झालं. पात्याच्या धारेलगतची बारीक रेघ, स्क्रूची खाच, कडीच्या आतल्या बाजूला हात लागून लागून आलेली चकाकी, सगळं आलं. मग तेच ट्रेसिंग पेपरने उतरवून ऑइल पेस्टलमध्ये (तेल-मेणाच्या मऊ रंगीत खडूत) केलं. कांडी बोटाएवढी जाड. स्क्रूचा नुसता ठिपका झाला, खाच गेली, लहान कडीचं भोक जवळजवळ बुजलं. पण पात्याचा सपाट भाग मात्र असा भरून आला की पेन्सिलीत कधी आला नव्हता. दाबून घासलं की रंग कागदावर बसत नाही, साचतो. त्यावर दुसरा रंग ओढला की खालचा थोडा उचलून घेतो आणि रेघेच्या कडेला तिसराच रंग तयार होतो. हे मला अतिशय आवडलं.

चारकोलमध्ये (कोळशाच्या कांडीने) उलटं घडलं. आधी सगळा कागद मध्यम काळा केला आणि मळत्या खोडरबराने कात्री *काढून घेतली*. पाती उजेडातून बाहेर येतात. बोरू आणि काळ्या शाईने केलं तर रेघ सुरुवातीला भरलेली, आणि कडीचा गोल पुरा व्हायच्या आत कोरडी. मेणखडूवर जलरंगाचा हात फिरवला तर जिथे मेण तिथे पांढरं आणि बाकी सगळीकडे ओघळ.

म्हणजे आता माझ्यापुढे एकाच कात्रीच्या चार-पाच वेगळ्या कात्र्या आहेत. सोबतच्या मुलींपैकी काहींचं म्हणणं, एकक एकच असायला हवं, नाहीतर तुलना कशाची करणार? मला मात्र वाटतं की ऑइल पेस्टलला पेन्सिलीची कात्री काढायला लावणं हा त्या माध्यमावर अन्याय आहे. या बाबतीत तुमचा अनुभव काय?

दुसरी अडचण रंगाची. माझ्याकडे राखाडी ऑइल पेस्टलची एकच कांडी आहे. लाल पार्श्वभूमीवर तिने काढलेली कडी हिरवट दिसते, निळ्यावर काढलेली उबदार, किंचित पिवळसर. कांडी तीच. हे वर्गात शिकवलं होतं, तरी स्वतःच्या हाताने होताना बघणं निराळं. प्रश्न पुढचा आहे: एका एककात मला आवडलेले रंग (शेंदरी, गडद निळा, राखाडी आणि थोडा लिंबोणी पिवळा) नक्षीत पसरवले की एकदम गलका होतो. एकटं एकक शांत, आठ-दहा शेजारी ठेवली की डोळा कुठेच थांबत नाही. रंग कमी करू की मांडणी बदलू?

आणि तिसरं, मला एका कागदावर दोन-तीन माध्यमं एकत्र आणायची आहेत. कशावर काय चढतं, काय टिकतं, काही अंदाज द्याल का?

---

ताणाबाणा

रेघरेघ, मी कापडावरच्या नक्ष्यांचं काम करते, त्यामुळे तुझ्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते. पहिला त्यातच सुटेल असं वाटतंय. (विद्यार्थिनी आहेस म्हणून अरेतुरे करतेय, चालेल ना?)

तुला लाल-निळ्यावर जे दिसलं त्यावर मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1839 साली सविस्तर लिहून ठेवलंय. तो गोबेलँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. तक्रार अशी येई की काळा धागा पुरेसा काळा नाही. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हती, तो धागा निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणला की फिका वाटत होता. शेजारचा रंग आपल्या विरोधी रंगाची झाक पलीकडच्यावर टाकतो. तुझी राखाडी कडी लालावर हिरवट दिसते ती यामुळेच.

पण नक्षीत याच्या उलट गोष्टही घडते आणि ती वर्गात सहसा कमी सांगतात. रंगाचे तुकडे मोठे असतील तर ते एकमेकांपासून लांब पळतात. तुकडे बारीक झाले, रेघा-ठिपके झाले, की ते एकमेकांकडे ओढले जातात, मिसळल्यासारखे दिसतात. विल्हेल्म फॉन बेत्सोल्ड नावाचा जर्मन हवामानशास्त्रज्ञ होता, त्याला गालिच्यांच्या नक्ष्या करायचा नाद. त्याच्या लक्षात आलं की नक्षीतला एकच रंग बदलला तरी सबंध गालिचा बदलल्यासारखा वाटतो. त्याच आकृतीभोवती काळी बारीक रेघ फिरव, सगळे रंग गडद आणि भारी दिसतील. तीच रेघ पांढरी कर, सगळे उजळतील.

आता तुझा गलका बघ. एकटं एकक मोठं होतं, चार रंग आपापल्या जागी वेगळे उभे होते. नक्षीत एकक लहान झालं, पिवळा तर अगदी चिमटीएवढा उरला असणार, आणि तो शेंदरीशी मिसळून थरथरायला लागला. म्हणून रंग कमी करायच्या आधी त्यांची *मापं* बदल. चारही रंग ठेव, पण एकाला कागदाचा अर्धाअधिक भाग दे, दुसऱ्याला त्याच्या निम्मा, आणि पिवळा प्रत्येक एककात न घालता तीन-चार एककांत एकदाच येऊ दे. फोनवर नक्षीचा कृष्णधवल फोटो काढ. शेंदरी आणि राखाडी एकाच करड्या छटेचे निघाले, तर गडबड रंगात नसून उजळ-गडदपणात आहे. मला पैजेवर सांगता येईल की तसंच निघणार.

हे सगळं ऑइल पेस्टलने करून बघू नकोस, थकशील. रंगीत कागद काप. योजेफ आल्बर्स हा चित्रकार-शिक्षक रंग शिकवताना विद्यार्थ्यांना रंगवलेल्यापेक्षा रंगीत कागदांवरच जास्त काम करायला लावायचा, कारण कागदाचा तोच रंग पुन्हा पुन्हा अगदी तसाच मिळतो. घोटून केलेला रंग दुसऱ्या वेळी तंतोतंत जमत नाही, आणि मग बदल शेजारामुळे झाला की मिश्रणामुळे हे कळेनासं होतं.

मांडणीबद्दल. सपाट पृष्ठभागावर नक्षी सर्व बाजूंनी पसरवायचे सममितीच्या दृष्टीने 17 च प्रकार आहेत, रशियन गणिती फ्योदोरोव्हने 1891 मध्ये ते सिद्ध केलं. तुला सतराही नकोत. कात्रीला तीन पुरतील. सरळ सरकवणं. 180 अंशांत फिरवणं. आणि सरकवून आरशातल्यासारखं उलटवणं, वाळूत चालताना डाव्या-उजव्या पावलांचे ठसे उमटतात तसं. तुझ्या कड्या लहानमोठ्या आहेत, म्हणून तिसऱ्या प्रकारात जास्त मजा येईल, मोठी कडी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. आत्ता तू बहुधा चौकटीत ओळीने ठेवलीयेस, म्हणून आडव्या-उभ्या रांगा डोळ्यात खुपतात. हाफ-ड्रॉप करून बघ: प्रत्येक पुढची उभी रांग एककाच्या निम्म्या उंचीने खाली सरकव. डोळा तिरका चालायला लागतो.

जोड लपवायचा असेल तर चौकोनी कागदाच्या मध्यावर कात्री काढ, कडांना हात लावू नकोस. मग कागद उभा मधोमध काप, डावा तुकडा उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवून मागून चिकटपट्टी लाव. मधे जी मोकळी जागा आली ती भर. मग आडवा काप, वरचा खाली, खालचा वर, पुन्हा चिकटव, पुन्हा भर. हा तुकडा आता चारी बाजूंनी स्वतःलाच जुळतो. आम्ही आजही संगणकावर बसण्याआधी हाताने हे करतो.

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: तू स्वतःच लिहिलंयस की रिकाम्या जागा चांगल्या आहेत. त्या कायम ठेव. त्रिकोण आणि दोन भोकं, त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण, एवढं सगळ्या माध्यमांत तेच. बाकी रेघ, खाच, चकाकी माध्यमाला जे जमेल ते. आणि आकार हत्यारावरून ठरव. माझा ठोकताळा असा की सर्वांत लहान भोक हत्याराच्या टोकाच्या निदान तिप्पट रुंद हवं. ऑइल पेस्टलची कात्री मोठ्या कागदावर काढ, बुजणार नाही.

---

बोरूवाला

ताणाबाणा यांच्या रंगाबद्दलच्या प्रत्येक वाक्याशी सहमत, पहिल्या प्रश्नाच्या उत्तराशी नाही.

माझं म्हणणं असं की एकदा तरी तेच एकक, त्याच मापाचं, प्रत्येक माध्यमात करायलाच हवं, बुजलेल्या भोकासकट. कारण बुजलेलं भोक ही माहिती आहे. ऑइल पेस्टल काय करू शकत नाही हे शेजारी पेन्सिल असल्याशिवाय कळत नाही. सगळं आधीच माध्यमाच्या सोयीने मोठं केलंत तर वहीत सुंदर कात्र्या दिसतील, पण माध्यमं दिसणार नाहीत. तो टप्पा पुरा झाला की मग खुशाल सोडा.

आता थरांबद्दल. पाण्यातलं आधी, तेला-मेणातलं नंतर. जलरोधक काळी शाई पूर्ण वाळली की तिच्यावर जलरंग चालतो, त्यावर ऑइल पेस्टल शेवटी. उलट क्रमात शाई पेस्टलवरून थेंब होऊन पळते. अर्थात ते पळणंच हवं असेल तर मेणखडू आधी. इंग्रज शिल्पकार हेन्री मूर याने दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या भुयारी रेल्वेत आसरा घेतलेल्या लोकांची चित्रं याच युक्तीने केली, मेणखडूची रेघ आणि वरून पातळ रंग. झोपलेल्या माणसांच्या चादरी त्या न भिजलेल्या रेघांतून घडलेल्या आहेत. तुमच्या ओघळांना इतकं कमी लेखू नका.

चारकोल आणि ऑइल पेस्टल मात्र मला एकत्र आवडत नाहीत. खाली सुटा चारकोल असेल तर पेस्टल तो उचलून घेतं आणि पिवळ्याचा शेवाळी होतो. वर चारकोल लावायला गेलं तर तो तेलकट थरावर नीट धरत नाही. चारकोल वापरायचाच असेल तर आधी फिक्सेटिव्हने (सुटी पूड कागदावर धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याने) पक्का करा: साधारण हातभर लांबून, पातळ, दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी वाळू देऊन, आणि मोकळ्या हवेत. तोंडाने फुंकून पूड उडवू नका, कागद उभा धरून मागून टिचकी मारा.

ऑइल पेस्टल कधीच पूर्ण वाळत नाही. त्यात न वाळणारं तेल आणि मेण असतं, रंगद्रव्य त्यात गुंतलेलं. 1925 मध्ये जपानच्या साकुरा कंपनीने ते पहिल्यांदा काढलं ते विद्यार्थ्यांसाठी. 1949 मध्ये फ्रान्सच्या सेनेलियेने पिकासोच्या मागणीवरून चित्रकारांसाठी मऊ प्रकार केला. पण वाळत नाही हे दोन्हींना लागू. त्यामुळे वहीत शेजारच्या पानाला रंग लागणार, मधे ग्लासीन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद) किंवा बटर पेपर घाला. पातळ कागदात तेल झिरपून रंगाभोवती पिवळसर वलय येतं, म्हणून महत्त्वाच्या चित्रासाठी कागदाला आधी पारदर्शक अॅक्रिलिक लेपाचा किंवा जेसोचा (पांढऱ्या अस्तराचा) एक हात द्या.

कागदाचा विषय तुम्ही काढलाच नाहीत आणि मला तोच सर्वांत मोठा वाटतो. फ्रेंच चित्रकार सेरा याने काँते नावाच्या कडक काळ्या खडूची रेखाटनं केली ती खरखरीत, जाळीचा ठसा असलेल्या कागदावर. खडू उंचवट्यांना लागतो, खळगे पांढरे राहतात, आणि एकही रेघ न ओढता सावली तयार होते. गुळगुळीत कागदावर तोच खडू काहीच बोलत नाही. (खडूला नाव ज्याचं, तो काँते म्हणजे तोच फ्रेंच संशोधक, ज्याने 1795 साली युद्धामुळे इंग्लंडचं ग्रॅफाइट मिळेना म्हणून ग्रॅफाइटच्या भुकटीत माती मिसळून भाजली. आपली रोजची पेन्सिल त्याच कृतीने बनते.) तुमची कात्री एकाच माध्यमात, पण दाणेदार, गुळगुळीत आणि ओलसर कागदावर करून बघा. मला वाटतं माध्यम बदलण्याइतका फरक दिसेल.

बोरूबद्दल: रेघ कोरडी पडते कारण बोरूत शाई फार धरत नाही. व्हॅन गॉगने 1888 मध्ये फ्रान्समधल्या आर्लला बोरूने जी निसर्गचित्रं काढली त्यांत लांब रेघा कमी आणि तुकडे जास्त आहेत: ठिपके, आडव्या खुणा, छोटे वळसे. शेत एका खुणेने, आकाश दुसऱ्या. कडीचा गोल एका दमात ओढायचा हट्ट सोडा, खुणांनी बांधा. तुमची नक्षी तिथेच सुरू होईल, कारण खूण स्वतःच नक्षी आहे.

आणि एक सुचवतो. चांदीची जाडसर तार मिळाली तर शिसं बदलता येणाऱ्या पेन्सिलीत बसवा, टोक घासून गोल करा, कागदावर पांढऱ्या ग्वाशचा (अपारदर्शक जलरंगाचा) पातळ थर देऊन वाळल्यावर त्यावर काढा. रेघ राखाडी, नाजूक. दाबलं तरी फारशी गडद होत नाही, खोडताही येत नाही. हवा लागून काही महिन्यांत ती तपकिरी होत जाते. धातूच्या पात्याला धातूची रेघ शोभेल.

---

रेघरेघ

ताणाबाणा ताई, अरेतुरेच बरं वाटतं. बोरूवाला, तुमचं उत्तर छापून वहीत चिकटवलंय. दोघांचं ऐकून बरंच करून बघितलं, ते लिहिते.

कृष्णधवल फोटोचं ताई म्हणाल्या तेच निघालं. शेंदरी आणि राखाडी फोटोत एकजीव, कड्या कुठे संपतात कळेना. राखाडी दोन पायऱ्या उजळ केली (पांढऱ्या पेस्टलचा थर खाली देऊन) आणि निळ्याला सगळ्यात जास्त जागा दिली. पिवळा फक्त स्क्रूत ठेवला, तोही दर चौथ्या कात्रीत. आता गलका नाही. पिवळे ठिपके लांबून एक वेगळीच तिरकी ओळ करतात, कात्र्यांच्या ओळीशी तिचा काही संबंध नाही, आणि मला या नक्षीतलं सर्वांत आवडलेलं तेच आहे. ती ओळ मी ठरवून काढलेली नव्हती, हाफ-ड्रॉप आणि चौथी कात्री या दोन नियमांच्या भांडणातून ती आली.

रंगीत कागदाने काम खरंच झपाट्याने होतं. आणि कात्रीच्या नक्षीसाठी कात्रीनेच कागद कापत बसणं हे इतकं बरोबर वाटलं की मी कापलेल्या तुकड्यांतून उरलेले त्रिकोणही जपून ठेवलेत. त्या उरलेल्यांचीच एक वेगळी नक्षी होतेय. तिच्यात कात्री कुठेच नाही, फक्त तिच्या रिकाम्या जागा, तरीही वर्गात बघणाऱ्याने लगेच कात्री ओळखली. म्हणजे ताईंचा मुद्दा माझ्यापुरता तरी खरा ठरला: आकृती भोकांत आणि त्रिकोणात आहे.

पण बोरूवाला, तुमचंही ऐकलं. एका मापाच्या चौकोनात तेच एकक सगळ्या माध्यमांत केलं, ट्रेस करून. ती ओळ वहीच्या पहिल्या उघड्या दोन पानांवर येईल. शेजारी शेजारी ठेवल्यावर ऑइल पेस्टलचा चौकोन गरीब दिसतो हे खरं, आणि चारकोलचा श्रीमंत. पण माझं मत तरी बदललेलं नाही. पानभर मोठ्या ऑइल पेस्टलच्या कात्रीत जे आहे त्याचा त्या लहान चौकोनात मागमूसही नाही. तो चौकोन बघून कुणी या माध्यमाबद्दल मत बनवलं तर ते चुकीचंच बनेल. म्हणून दोन्ही ठेवतेय, पण शेवटच्या मोठ्या कागदावर प्रत्येक माध्यमाला त्याच्या मापाची कात्री मिळणार.

चारकोल आणि ऑइल पेस्टलबद्दलही मी थोडी वेगळ्या मताची झालेय. तुम्ही म्हणता तसा पिवळा शेवाळी होतो, बरोबर. पण निळा होत नाही! गडद निळ्याखाली चारकोल असला की निळा खोल जातो, रात्रीसारखा दिसत नाही, लोखंडासारखा दिसतो. पात्यांना मला नेमकं तेच हवं होतं. म्हणून नियम केला: चारकोलवर फक्त निळा आणि राखाडी, उबदार रंग कोऱ्या कागदावर. फिक्सेटिव्ह मुद्दाम मारलं नाही, कारण मग पेस्टल चारकोल उचलत नाही आणि तो लोखंडी रंग येतच नाही.

बोरूने खुणा करणं अजून हाताला बसलेलं नाही. कडीला आडवे छोटे तुकडे, पात्याला लांब आणि अधूनमधून तुटणाऱ्या रेघा, पार्श्वभूमीला ठिपके, इथवर आलेय. दाणेदार कागदावर बोरू अडखळतो, गुळगुळीतवर घसरतो, मला अडखळणारा आवडला.

आता मोठ्या कागदाचा बेत. डावीकडून उजवीकडे माध्यम बदलत जाईल: पेन्सिल, मग बोरू, मेणखडूवरचा ओघळ, चारकोलवरचा निळा, शेवटी नुसतं ऑइल पेस्टल, आणि कात्री हळूहळू मोठी होत जाईल. हाफ-ड्रॉप तसाच. माप बदलत गेलं की नक्षी म्हणून ते उभं राहील का, ही शंका आहे.

---

ताणाबाणा

उभं राहील, पण माप हळूहळू वाढवू नकोस. सरळ दुपटीने वाढव, म्हणजे एका मोठ्या कात्रीच्या जागेत चार लहान बसतील आणि जोड जुळतील. थोडं थोडं वाढवलंस तर हाफ-ड्रॉपचं गणित दर रांगेत तुटेल आणि तू जागा भरण्यासाठी काहीतरी घुसडत बसशील. आणि माप जिथे बदलतं तिथेच माध्यम बदलू नको. एका पट्टीत जुनं माप नव्या माध्यमात येऊ दे. दोन बदल एका जागी आले की डोळ्याला तिथे कागद फाटल्यासारखा वाटतो.

निळ्याखालच्या चारकोलचा फोटो टाकशील का? उत्सुकता आहे.

उरलेल्या त्रिकोणांची नक्षी मला मुख्य कामापेक्षा जोरकस वाटतेय वर्णनावरून. ती शेवटच्या कागदावर आणायचा विचार कर, मेणखडूच्या पट्टीत: त्रिकोण मेणाने, ओघळ वरून, कात्री काढायचीच नाही.

---

काजळरेष

टिकण्याचा मुद्दा राहिला आहे म्हणून थोडक्यात. चारकोल, ग्रॅफाइट आणि कार्बनची काळी शाई प्रकाशात फिकी पडत नाहीत. रंगांचं तसं नाही. चमकते फ्लुरोसंट रंग आणि बरेच मार्कर झपाट्याने उडतात. चांगल्या रंगांच्या वेष्टनावर प्रकाशात टिकण्याची श्रेणी दिलेली असते, तुझ्या शेंदरी आणि पिवळ्याची बघून घे. दिलेली नसेल तर प्रत्येक कांडीची एक पट्टी ओढ, निम्मी पट्टी जाड पुठ्ठ्याने झाक, आणि ऊन येणाऱ्या खिडकीत काही आठवडे ठेव. शेजारी तारीख आणि कांडीचं नाव लिही. ती पट्टी वहीतलं सर्वांत उपयोगी पान होईल.

वहीत प्रत्येक प्रयोगाशेजारी कागद, थरांचा क्रम आणि हाताचा दाब लिहितेस का? चारकोलवरचा निळा तू आज सहज केलास. सहा महिन्यांनी तो पुन्हा हवा असेल तेव्हा खाली किती चारकोल होता हे आठवणार नाही.

---

रेघरेघ

कागद आणि क्रम लिहिते, दाब लिहीत नव्हते, आजपासून लिहीन. खिडकीतल्या पट्ट्याही लावल्या. ताई, दुपटीचं पटलं, कागदावर पेन्सिलने चौकटी आखल्या आणि चारात एक बरोबर बसतेय. त्रिकोणांची पट्टी मेणखडूतच करणार. फोटो उद्या उजेडात काढून टाकते.

जाता जाता एक: कुणीतरी सांगितलं की काळ्या शाईवर ब्लीचने काढलं तर रेघ सोनेरी-तपकिरी उमटते. बोरूच्या पट्टीत करावंसं वाटतंय. कुणी केलंय?

---

बोरूवाला

केलंय. फक्त डाय (द्रवात विरघळलेला रंग) असलेल्या शाईवर होतं. तुमच्याकडची जलरोधक काळी शाई कार्बनची असेल तर ब्लीच तिला काही करणार नाही, फक्त खालचा कागद खराब होईल. फाउंटन पेनची साधी शाई घेऊन आधी तुकड्यावर बघा. काही काळ्या शाईंतून तपकिरी निघतो, काहींतून गुलाबी, काहींतून थेट पांढरा.

ब्लीच पाण्याने पातळ करा, हातमोजे घाला, खिडकी उघडी, आणि शेजारी अमोनिया, व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही साफसफाईचं द्रावण नको, एकत्र आले तर विषारी वायू निघतो. केसाचा कुंचला वापरू नका, ब्लीच केस खातं. नायलॉनचा घ्या किंवा वेगळा बोरू ठेवा. कागद काही वर्षांत त्या जागी कमजोर होतो, त्यामुळे मोठ्या कागदावर नको, हे वहीतच करा.

चारकोलवरच्या निळ्याबद्दल तुमचं पटलं. मी ते नेहमी फिक्स करूनच बघितलं होतं, आज संध्याकाळी न फिक्स करता करतो.